पांढऱ्या कापडाच्या दिवशीची गोळी

मित्रांनो, माझ्या मालकाला चांगल्या वस्तूची किंमत कधी कळली नाही. बायकोची नाही, आणि छातीत बसलेल्या माझीही नाही.

मी एक जुना पंप आहे. मालकाचं हृदय थकलं तेव्हा डॉक्टरांनी मला त्याला जोडलं. मूठभर माझा जीव, पोटातून बाहेर आलेली एक वायर, कमरेला बॅटऱ्या आणि बिघाड झाला की ओरडणारा डबा. रक्त पुढे ढकलायचं, एवढंच मला येतं. पण ते मी न थांबता करतो. मालक शिंपी. तो पुन्हा मशीनवर बसला, तेव्हा गिऱ्हाइकं माझी घरघर ऐकायला वाकायची. मालकीणबाई म्हणायच्या, "ऐका, ऐका. नवऱ्यापेक्षा पंप शहाणा आहे." मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

पण मी पडलो धातूचा, परका. रक्त माझ्यावर गोठायला बघतं. म्हणून ते पातळ ठेवायला दोन गोळ्या होत्या. मालकाच्या पोटात रक्तस्राव झाला, तेव्हा डॉक्टरांनी विचार करून एक बंद केली आणि दुसरी चुकवायची नाही म्हणून बजावलं.

मालकाने अर्धंच ऐकलं. सुई टोचली की त्याचं रक्त लवकर थांबेना, कापडावर डाग पडायचे. मग पांढरं कापड आलं की तो गोळी खिशात टाकू लागला. "एक डॉक्टरांनी बंद केली, एक मी," असं शेजारच्या इस्त्रीवाल्याला हसत सांगायचा. बायकोला पत्ता नाही.

पुढे शाळेचे सदरे शिवायला आले. ढीगभर, सगळे पांढरे. माझ्यात गुठळी धरली. मी धापा टाकू लागलो. गुठळीवर आपटून रक्त फुटू लागलं आणि मालकाची लघवी काळ्या चहासारखी झाली, तेही त्याने लपवलं. एका सकाळी कमरेचा डबा किंचाळला आणि त्याच वेळी कात्री खाली पडली. गुठळीचा तुकडा मेंदूत गेला होता. उजवा हात गेला, वाचा गेली. दुसरा पंप बसवणं त्याला झेपणार नाही म्हणतात. मी चालेन तोवर तो.

मित्रांनो, मशीनला तेल लागतं, तशी मला ती गोळी लागत होती. गोळी कमी करायची की बंद, ते डॉक्टरांना विचारा, कापडाला विचारू नका.

मालकीणबाईंना त्याच्या खिशात गोळ्या सापडल्या. इस्त्रीवाल्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. त्या खाटेपाशी आल्या, मालकाचा लुळा हात उचलून नीट उशीवर ठेवला.

"अहो, रक्ताचा डाग गार पाण्याने जातो. एवढं मला विचारायला तुमची जीभ झिजत होती. सदरे वाचवलेत, आणि वाया गेलात तुम्ही."