चिमूटभर मीठ

मी मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी केलेली. माझ्या चौदा महिन्यांच्या प्रशीलला जुलाब लागले तेव्हा पारोळ्याच्या मेडिकलमधून प्रोबायोटिकच्या पुड्या मीच मागून आणल्या आणि सासूबाईंना बजावलं, "यात चांगले जिवाणू असतात, तेच पोट बरं करतील. तुमचं मीठ-साखरेचं पाणी नको, त्यानं त्याला आणखी होतं."

"बरं माय," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी तो मलूल दिसायला लागला, म्हणून आम्ही त्याला धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी जीभ पाहिली, पोट पाहिलं, मी दाखवलेली पुडी पाहिली.

"सलाईनची गरज नाही. पुडीनं फार तर जुलाब थोडा लवकर थांबेल. बाळाला सांभाळलं ते मीठ-साखरेच्या पाण्यानं. कोण पाजत होतं?"

मी अंघोळीला, धुण्याला गेले की बाहेर वाटी-चमचा वाजायचा. तो कशाचा, ते मला तिथं बसल्या बसल्या कळलं.

"तिनीच पाजं, साहेब," सासूबाई म्हणाल्या. "शिकेल शे ना ती."

"शाब्बास, शिकल्याचं चीज केलंत," डॉक्टर मला म्हणाले, आणि मी मान हलवली.

"घरीच करत होतात ना? पेलाभर पाण्याला मीठ किती?"

मला सांगता येईना. सासूबाई मला उघडं पाडायला तयार नव्हत्या. त्या प्रशीलचं झबलं नीट करत बसल्या.

"मी नाही पाजलं," शेवटी मी म्हणाले. "मी तर पाजू नका म्हणून सांगितलं होतं. सासूबाईंनी लपून पाजलं."

डॉक्टर सासूबाईंकडे वळले. सासूबाईंनी माझ्याकडे न बघता तीन बोटं जुळवून त्यांना दाखवली.

"इतलंच."