चौथा माणूस

ऑपरेशन थिएटरमधल्या मामांनी बावीस वर्षांत किती माणसं पालथी घातली, याची मोजदाद कुणी ठेवली नव्हती. पाठीचं ऑपरेशन म्हटलं की आधी पेशंटला भूल द्यायची आणि मग चौघांनी मिळून त्याला ट्रॉलीवरून टेबलावर पालथं घालायचं. खांद्याकडची बाजू कायम मामांची. शेवटी त्यांच्याच पाठीनं हात टेकले आणि त्याच टेबलावर, त्याच सर्जनांसमोर, मामांना पालथं व्हावं लागलं.

सर्जन माणूस चांगला. टाके काढताना त्यांनी नीट समजावलं होतं. सहा आठवड्यांनी बसून करायचं काम चालेल, पण तीन महिने वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही. मणक्यांमधली गादी पुन्हा सरकली तर पायातली ताकद जाईल, हेही स्पष्ट सांगितलं. मामींनी एवढा धसका घेतला की बादलीच काय, मामांना स्वतःची उशीही उचलू देईनात.

सातव्या आठवड्यात मामा कामावर हजर झाले. थिएटरच्या दाराशी खुर्ची, पुढ्यात रजिस्टर. दोन दिवस सुखाचे गेले, म्हणजे कंटाळ्याचे. तिसऱ्या दिवशी एक अटेंडंट तापानं आडवा झाला. आत पेशंट भूल देऊन तयार, अंगानं चांगला धिप्पाड, आणि उचलायला तिघंच. सर्जनांनी दारातून डोकं बाहेर काढलं.

"मामा, जरा हात लावा."

बावीस वर्षं मामा या हाकेला उठत आले होते. डोकं विचार करेपर्यंत पाय आत पोचलेसुद्धा. एक, दोन, तीन. कमरेत कळ उठली ती थेट डाव्या पोटरीत उतरली. बाहेर येऊन ते भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांना रागही आला नाही. रागावायलाही अंगात जोर लागतो.

दोन तासांनी सर्जन बाहेर आले. आत त्यांचा ज्युनिअर शेवटचे टाके घालत होता. मामांचा चेहरा पाहून ते थबकले.

"मामा, तुम्हाला मी तीन महिने सांगितले होते ना?"

"हो."

"मग तेव्हाच नाही म्हणायचं. पाठ तुमची आहे, तुम्हीच जपायला हवी."

ते मनापासून कळवळून बोलत होते, हे मामांना दिसत होतं. म्हणूनच जास्त दमल्यासारखं झालं. डाव्या पायाची बोटं त्यांनी चपलेत हलवून पाहिली. हलली, पण जरा उशिरा.

"बरं, आता नाही म्हणतो," मामा म्हणाले. "पण पेशंट अजून पालथाच आहे, डॉक्टर. त्याला उताणा कोण करणार?"

सर्जनांनी आत पाहिलं. टाके घालून झाले होते. टेबलाभोवती तिघं जण वाट बघत उभे होते.

"एवढ्या वेळी लावा हात," ते हलक्या आवाजात म्हणाले. "पण जपून."