काइफूचे फुगीर गाल

मडक्यावरचं झाकण खडखडलं तशी युनजू दचकली. सासूबाईंनी आच मंद केली, काढा वाडग्यात गाळला आणि खिशातून पुडी काढली. पिवळट भुकटी बघता बघता विरघळली.

"आई, ही भुकटी पान वैद्यांनी लिहून दिलेली नाही."

"त्यांचा काढा दोन वर्षं ढोसला, काय झालं? हे हुआय नदीपलीकडच्या माझ्या मामेभावाचं, घराण्यातलं औषध आहे. महिन्याभरात त्याचं रक्त पडायचं थांबलं की नाही? पोरानं अंगही धरलंय. तुला बघवत नाही का गं?"

थांबलं होतं, हे खरंच. आतड्यांना व्रण पडल्यापासून संडासाची सोय हेरल्याशिवाय काइफू बसमध्ये चढत नसे. तोच परवा लेकीला घेऊन तळ्यावर गेला, वर लालभडक तिखट शेवया खाऊन आला. युनजूला आनंदानं रडू यायला हवं होतं. पण तिची नजर नवऱ्याच्या गालांवरच अडकली. असे फुगीर, तुकतुकीत गाल तिनं एकदाच पाहिले होते. मोठ्या हॉस्पिटलात त्याला स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या तेव्हा.

तिनं चिमूटभर भुकटी कागदात बांधली आणि भाजी आणायच्या निमित्तानं पान वैद्यांचा दवाखाना गाठला. म्हाताऱ्यानं ती हुंगली, जिभेच्या टोकाला लावली आणि थुंकून टाकली.

"आमची औषधी मुळं इतक्या घाईनं गुण देत नाहीत, पोरी. तपासून घेतल्याशिवाय काही बोलणार नाही. पण एकदम बंद करू नकोस हं, जिवावर बेतेल. उद्या त्यालाच घेऊन ये."

ती घरी परतली तेव्हा काइफू गॅलरीत मोजे वाळत घालत होता. तिनं दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं.

"माहितीये मला," तो म्हणाला. "पहिल्याच घोटाला ओळखलं. त्या गोळ्यांचा कडूपणा विसरतो का माणूस?"

"आणि तरी पीत राहिलास?"

"महिनाभर चार माणसांसारखा जगलो गं. आईलाही झोप लागायला लागली." त्यानं मोजा झटकला. "येतो उद्या. तिला मात्र एवढ्यात काही सांगू नकोस."

युनजू लेकीला, मिनमिनला, हाक मारायला खाली उतरली. सासूबाईंनी काढ्याचा चोथा रोजच्यासारखा गल्लीच्या तोंडाशी ओतला होता. येणाऱ्याजाणाऱ्यांनी तुडवला की दुखणं त्यांच्या पायांबरोबर निघून जातं, अशी सगळ्या आळीची समजूत. त्या चोथ्यावर पोरगी मन लावून उड्या मारत होती. बूट पार बरबटले होते.

"अगं, बाजूला हो आधी!"

"थांब ना आई! इथून हल्ली कुणी जातच नाही, सगळे नव्या रस्त्यानं जातात. म्हणून रोज मीच तुडवते." धापा टाकत मिनमिननं वर पाहिलं. "बाबा माझ्यामुळेच बरे झाले ना?"