इटारसीची गंगा

मी एक जुना जग आहे. मित्रांनो, जग म्हणजे दुनिया नव्हे. मी पाणी भरायचा जग, प्लास्टिकचा, निळा, लाल तोटीचा. आज मी फार खुशीत आहे. का, ते सांगतो. पण आधी थोडं मागचं.

कारखान्यातून मी बनारसला चौकातल्या दुकानात आलो. तिथून इंदूनं मला दुर्गाघाटाच्या घरी आणलं. घरात ती, तिचा नवरा विश्वेश आणि मुलगी रुचा. दर उन्हाळ्यात आम्ही नाशिकला कालिंदीआत्याकडे जायचो. ‘आम्ही’ म्हणतो, कारण माझ्याशिवाय इंदू गाडीत चढतच नसे.

रुचा चौदाची झाली आणि तिला माझी लाज वाटू लागली. “आई, सगळे बाटली घेतात. आपण हा हंडा घेऊन फिरतो!”

त्या वर्षी समोरच्या बर्थवर नाशिकचं एक कुटुंब होतं. त्यांचा मुलगा ऋतुराज रुचाच्याच वयाचा. झालं! रुचानं मला शेजारी ठेवून वर ओढणी टाकली.

इटारसी जवळ आली तशी इंदूनं विचारलं, “रुचा, पाणी आहे का गं?”

“नाही. जग खाली आहे.”

आमच्या बनारसी मराठीत हिंदी मिसळलेली. आमच्याकडे ‘खाली’ म्हणजे रिकामा. नाशिकच्या माणसांना काय ठाऊक? काकू वाकल्या, काका वाकले, ऋतुराज तर सीटखाली शिरलाच. “इथे नुसत्या चपला आहेत!” म्हणत उठला आणि त्याचं डोकं सीटला आपटलं.

रुचानं लालबुंद होऊन ओढणी काढली. “खाली म्हणजे... रिकामा.”

काय हसले सगळे! मग विश्वेशनं मला इटारसीच्या नळावर काठोकाठ भरून आणलं.

नाशिकला आत्या दारातच उभ्या होत्या. मला बघून त्यांनी हात जोडले. “काशीहून एवढी गंगा आणलीत!” कुणी काही बोलायच्या आत त्यांनी माझी तोटी उघडली, देवावर पाणी शिंपडलं, शेजाऱ्यांना बोलावलं आणि सगळ्यांच्या हातावर पळी पळी तीर्थ दिलं. खरी गंगा गडूत होती आणि गडू बॅगेत.

“आई, ते इटारसीचं आहे,” रुचा कुजबुजली.

“गप,” इंदू म्हणाली. “आता प्यायले सगळे.”

रुचाला हसू आवरेना. तीर्थ नाकात गेलं.

“काय म्हणाली गं पोर?” आत्यांनी विचारलं.

“हर हर गंगे म्हणाली,” इंदूनं सांगितलं. विश्वेश तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाला.

मित्रांनो, तेवढं कौतुक माझं पुन्हा झालं नाही. गेल्या हिवाळ्यात इंदू गेली. मी कपाटावर जाऊन बसलो. माझ्या तोटीचं रबर सुकलं. आत्यांचा फोन यायचा, विश्वेश म्हणायचा, “आता कुठं जायचं?” शाळेत शिकवून यायचा, खिडकीशी बसायचा. रुचा, आता सतरा वर्षांची, दारातून बघत राहायची. तिला बाबांना एकदा घराबाहेर काढायचं होतं.

आज सकाळी ती स्टुलावर चढली. मला उतरवलं, घासलं, नवीन रबर बसवलं आणि बाबांसमोर ठेवलं. “बाबा, नाशिकची तिकिटं काढलीत मी. परवाची.”

विश्वेश माझ्याकडे नुसता बघत राहिला.

“बाबा, जग खाली आहे.”

“हो गं,” तो म्हणाला. “खालीच आहे.” त्याचे डोळे भरले. रुचा जवळ बसली.

मग त्यानं माझं झाकण उघडलं, आत वाकून पाहिलं.

“परवा अर्धाच भर,” तो म्हणाला. “आत्याची गंगा इटारसीला घेऊ.”

रुचा हसली, तो हसला, आणि दोघांनी एकदमच नाकं पुसली.

मित्रांनो, तुमच्या घरी कपाटावर कुणी माझ्यासारखं बसलं असेल, तर त्याला उतरवा. धुवा, रबर बदला. रिकामं ठेवू नका. मला आता निघायचंय. परवाची गाडी आहे!