रिकाम्या हुकाचे दोन किलो

मी एक जुना ताणकाटा आहे. मित्रांनो, माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे, खाली एक हूक आहे आणि स्वतःबद्दल बोलायची सवय मला अलीकडेच लागली आहे.

उमेदीची वर्षं खडकीत एका रद्दीवाल्याकडे गेली. पुढे स्प्रिंग सैल पडली आणि हुकाला काही नसतानाही काटा दोन किलोवर राहू लागला. विकत घेताना जास्त वजन दाखवणारा काटा कोणता रद्दीवाला ठेवील? त्याने मला काढून टाकलं. फुकट मिळतो म्हणून वारज्याच्या आमच्या सोसायटीने मला आणून ऑफिसात टांगलं. तेव्हापासून इथून अमेरिकेला गेलेल्या प्रत्येक मुलाची बॅग मीच तोलली. विमानतळावर एकालाही दंड झाला नाही. होणार कसा? लौकिक मात्र माझा झाला.

मग मिसबाची बॅग आली. ती अमेरिकेतल्या एका विद्यापीठात भौतिकशास्त्रात पीएचडी करायला निघाली होती. गोरे लोक काळ्यांना आपल्या कॉलेजांच्या दारात उभं करत नसत, तेव्हा काळ्यांसाठी निघालेलं ते विद्यापीठ. बॅगेत स्वेटरात गुंडाळलेला दुर्बिणीचा आरसा होता. तो मिसबाने स्वतःच्या हातांनी घासून घडवला होता, आणि तिथल्या प्राध्यापक बाईंनी मुलाखतीत सांगितलं होतं, "येताना घेऊन ये. मला बघायचाय."

एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या उत्कर्षाताई लाडू-चिवड्याचा डबा घेऊन आल्या. त्यांचा सुदर्शन त्याच गावात दुसऱ्या विद्यापीठात शिकतो.

"काळ्यांचं कॉलेज ना गं? मग प्रवेश मिळणारच. जपून राहा हो. एवढा डबा आमच्या सुदर्शनला दे."

डबा बॅगेत गेला. मर्यादा तेवीस किलो. मी साडेचोवीस दाखवले.

"काकू, याला झिरो एरर आहे," मिसबा म्हणाली. तिने मला रिकामा करून दाखवला. काटा दोनवर. "हे दोन वजा करा."

"असं कसं वजा करायचं? अख्खी सोसायटी याच्यावर अमेरिकेला गेली. तुझ्यासाठी हिशोब बदलायचा का?"

बॅग उघडली. कपड्यांतून गोरं होण्याच्या क्रीमच्या ट्यूबा निघाल्या.

"अम्मी, हे काय?"

"राहू दे ते," तिची आई रशीदाबी म्हणाल्या. "आधीच सावळी आहेस. तिथं राहून आणखी झालीस तर?" मग हळूच, "आणि शेजाऱ्यांचा डबा कसा काढायचा? ती काच काढ. मी पाठवते मागाहून."

मिसबाने माझ्याकडे पाहिलं. मी दोन किलो जास्तीचे दाखवत लोंबकळत राहिलो. मला दुसरं काही येत नाही. आरसा बाहेर आला.

विमानतळावर बॅग एकवीस किलो भरली. तिने तसं फोनवर कळवलं. उत्कर्षाताई खूश. "बघा भाभी, म्हटलं नव्हतं? काटा किती चांगला आहे!"

सुदर्शन डबा न्यायला गेलाच नाही. "त्या भागात मी येत नाही," म्हणाला. त्याचे लाडू मिसबाच्या प्रयोगशाळेने चवीने संपवले, आणि तिथल्या बाईंनी विचारलं, "आरसा कुठाय?"

लेकीचा फोन ठेवल्या ठेवल्या रशीदाबींनी आरसा काढला. अमेरिकेत जायचा तर स्वच्छ हवा, म्हणून तारेच्या घासणीने, भांड्यांच्या पावडरीने, मनापासून घासला. चकाकणारा मुलामा नळाखाली वाहून गेला. खाली उरली ओरखड्यांची काच.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं इथे सांगायचं असतं. माझी घेतातच. दसऱ्याला हार मिळतो, हुकाला तेल मिळतं. तुम्ही फक्त काही टांगण्याआधी एकदा मला रिकामा बघा. उत्कर्षाताईंकडे मात्र बघत बसू नका. त्यांचा काटा काही न टांगताच दोनवर असतो.

काल रशीदाबी ती काच पिशवीत घालून कुरियरआधी वजन करायला आल्या. काच दीड किलोची. मी साडेतीन दाखवले.

त्यांनी वाकून आकडा वाचला. मग त्यांचा चेहरा सैल झाला.

"बाप रे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "बरं झालं बॅगेतून काढायला लावली."