दहा जागांची परीक्षा

घराजवळच्या दवाखान्यात आपली सून पदचिकित्सक, म्हणजे पावलांची तज्ज्ञ, असताना मुख्याध्यापक दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात गेले. याचे कारण त्यांनी स्वतःशीही कधी स्पष्ट उच्चारले नव्हते. निवृत्तीला अकरा वर्षे झाली होती, मधुमेहाला चौदा. पावले तपासून घ्या, अशी चिठ्ठी मधुमेहाच्या डॉक्टरांनी तिसऱ्यांदा लिहून दिली होती. परंतु आपली काळवंडलेली, भेगाळलेली पावले सुनेच्या पुढ्यात ठेवायची, ही कल्पनाच त्यांना असह्य होती. शिवाय वाचनालयातल्या मित्रमंडळींत कुणी "सूनबाई काय करतात?" असे विचारले, की ते "दवाखान्यात असतात" एवढेच सांगून वर्तमानपत्र उघडीत. एकदा एकजण म्हणाला होता, "लोकांची नखं कापते म्हणे!" त्यावर सगळे हसले होते, आणि मुख्याध्यापकही हसले होते.

दुसऱ्या टोकाचे पदचिकित्सक हे एक हसतमुख, टक्कल पडलेले गृहस्थ होते. मुख्याध्यापकांनी पलंगावर बसूनच फॉर्म भरला, शाईचे पेन खिशात ठेवले आणि पाय लांब केले.

"आता डोळे मिटा, सर. हा नायलॉनचा धागा पायाला टेकवतो. लागला की 'हो' म्हणायचं. एका पावलाच्या दहा जागा."

परीक्षा सुरू झाली. मुख्याध्यापक वाट पाहत राहिले. काहीच कळेना. तळपायाच्या जागी जणू कुणी जुनी गादी शिवून ठेवली होती. छत्तीस वर्षे ज्यांनी परीक्षागृहातून पाठीमागे हात बांधून फेऱ्या घातल्या, त्यांच्या छातीत नापास होण्याची भीती प्रथमच शिरली. त्यांनी पापण्या किंचित किलकिल्या केल्या. धागा दिसत नव्हता, पण गृहस्थांचे कोपर हललेले दिसत होते. कोपर हलले की ते म्हणत, "हो."

"वा!" गृहस्थ म्हणाले. मग ते थोडा वेळ लिहीत बसले. "हे पाकीट घरी दाखवा. आणि उद्या घरच्या कुणाला तरी बरोबर आणाच."

ही नेहमीची औपचारिकता असणार, असे समजून मुख्याध्यापकांनी पाकीट न उघडताच खिशात घातले आणि बूट चढवले. दहापैकी दहा! परतताना ते मुद्दाम वाचनालयापाशी बसमधून उतरले आणि तेथून घरापर्यंत ताठ मानेने चालत आले. मन एकाच गोष्टीने खट्टू झाले होते. पेनाचे टोपण नाहीसे झाले होते.

"त्या दवाखान्यातच कुणीतरी ढापलं," ते घरात शिरता शिरता म्हणाले, आणि लगेच जीभ चावली.

"कुठल्या दवाखान्यात, बाबा?" सूनबाईंनी विचारले. त्या नुकत्याच कामावरून आल्या होत्या.

ते खुर्चीवर बसून बूट काढू लागले. उजव्या बुटातून काहीतरी निसटले आणि फरशीवरून घरंगळत सूनबाईंच्या पायाशी जाऊन थांबले. ते पेनाचे टोपण होते. पलंगाखाली ठेवलेल्या बुटात ते केव्हा पडले, कुणास ठाऊक. मोज्याचा तळवा लाल झाला होता.

सूनबाईंनी टोपण उचलले. "हे घालून किती चाललात?"

"कळलंच नाही गं."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. त्यांनी पिशवीतून सामान काढले, हातमोजे घातले, जखम निगुतीने धुऊन पट्टी बांधली, आणि मग दवाखान्यातून काही कागद दिला का, असे विचारून त्यांच्या खिशातले पाकीट घेतले. कागदाच्या तळाशी लिहिलेले त्यांनी मोठ्याने वाचले, "धागा न टेकवता फक्त हात हलवला, तेव्हाही रुग्णाने दोनदा होकार दिला. उत्तरे विश्वासार्ह नाहीत. उद्या नातेवाइकासमोर पुन्हा तपासावे."

प्रश्नपत्रिका शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, असे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना बजावले, त्यांना मान वर करवेना.

"पाऊल जाईल का गं?" त्यांनी विचारले.

"इतक्यात कशाला जाईल? मी जखम बघेन, घट्टे काढेन. रक्त पायापर्यंत नीट पोचतंय का, ते रक्तवाहिन्यांचे डॉक्टर बघतील. साखरेचं तुमच्या डॉक्टरांकडे. आणि आमच्याकडे साच्यावरून बूट करणारे एकजण आहेत, ते जखमेवर भार येणार नाही असा बूट करतील. सगळे मिळून पाऊल राखतो आम्ही, बाबा. नखंही कापतो."

शेवटचे वाक्य त्यांनी सहज उच्चारले होते. पण मुख्याध्यापकांना वाचनालयातले ते हसणे आठवले, आणि त्यात मिसळलेला स्वतःचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"बाळ, तुझ्याजवळ तो धागा आहे?"

"आहे. पण उद्या..."

"आत्ताच घे. डावं पाऊल तरी घे. थांब." त्यांनी खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल ओढला, दुहेरी घडी केली आणि डोळ्यांवर घट्ट धरला. "आता कर सुरू."

खोलीत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. ते श्वास रोखून वाट पाहत राहिले. कुठेही, कसलाही स्पर्श जाणवला नाही.

"संकोचू नकोस. कर की सुरू."

"झालं, बाबा," सूनबाई हळूच म्हणाल्या. "दहाही जागा झाल्या."

टॉवेल बराच वेळ डोळ्यांवरून हलला नाही. सूनबाईंनीही घाई केली नाही. त्यांनी धागा पुसून डबीत ठेवला, टोपण धुतले आणि ते सासऱ्यांच्या तळहातावर ठेवले.

"त्या गृहस्थांना तू फोन करून सांगशील?" टॉवेलाआडून आवाज आला. "म्हणावं, आमच्या सासऱ्यांनी कॉपी केली."

"तुम्हीच सांगा. मी बरोबर येते."