मोरचुदातलं तांबं

अर्ध्या ग्रॅमवरून जग डोक्यावर घेणारा, म्हणून कारखान्यात सगळे त्याला अर्धाग्रॅम म्हणत. कारखाना तांब्याचा मुलामा द्यायचा आणि हा तिथला केमिस्ट. मोरचुदाचे निळे खडे दमट हवेत ओलावतात, वजनाचा भरवसा राहत नाही. म्हणून हा पठ्ठ्या ते भट्टीत तापवून आतलं सगळं पाणी उडवायचा आणि उरलेली पांढरी पूड बरणीत घट्ट बंद करून ठेवायचा. एवढी उठाठेव दुसरं कुणी करत नसे, आणि त्याचा ह्याला केवढा तोरा!

एक दिवस ताईचा फोन आला. "अरे, तळ्यात शेवाळ माजलंय. पिल्लं तोंड वर काढून तडफडतायत. मोरचूद घाल म्हणतात सगळे. किती घालू?"

मेहुणे गेल्यापासून ते माशांचं तळं हाच तिचा आधार. हा हंगाम बुडाला तर तळं दिराकडे जाणार, असं घरात ठरलेलं होतं. मग तिने दिराच्या दारात पडेल ते काम करत दिवस काढायचे.

"मी येतो. तू हात लावू नकोस," तो म्हणाला. "शेवाळ मरतं ते तांब्याने. तांबं जरा जास्त झालं, की मासेही गेलेच म्हणून समज."

सुट्टीच्या दिवशी तो पुस्तक उघडून बसला. तळ्याला तांबं किती हवं ते काढलं. मग मोरचूद घेतलं: तांबं, गंधक, प्राणवायू, आणि खड्यात अडकलेलं पाच रेणू पाणी. साऱ्यांची वजनं मिळवली, तर तांब्याचा वाटा जेमतेम चौथा हिस्सा. म्हणजे तांब्याच्या चौपट मोरचूद. दोनदा ताळा केला. गणित चोख होतं. बरणी काखेत मारून स्वारी ताईकडे निघाली.

पूड पडताच बादलीतलं पाणी निळंशार झालं आणि बादली हाताला गरम लागली. ऊन लागलं असेल, तो म्हणाला. अरे शहाण्या, बादली सावलीत होती की! पण त्याने ते निळं पाणी तळ्यात शिंपडून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर पांढरी पोटंच पोटं. ताई गुडघाभर पाण्यात उभी राहून जाळीने मासे काठावर टाकत होती. "मेला कसला रोग आला रे! माझंच नशीब फुटकं."

काठावर रिकामी बरणी पडली होती. आत चिकटलेली पूड पांढरी होती. पाणी तर त्याने स्वतःच भट्टीत उडवलं होतं, आणि हिशोबात तेच पाणी धरून बसला होता! बादली तापली तीही कोरडी पूड पाणी शोषत होती म्हणूनच. कोरड्या पुडीत तांबं शंभराला चाळीस. तळ्यात दीडपटीहून जास्त गेलं होतं. गप्प बसलो तर कुणालाही कळणार नाही, हेही त्याला त्याच क्षणी कळलं, आणि स्वतःची किळस आली.

"ताई, रोग नाही. मी मारले." त्याने सगळं सांगितलं. रडत सांगितलं.

तिची जाळी थांबली.

"रोग असता तर त्याला पोटभर शिव्या घातल्या असत्या रे," ती म्हणाली. "आता कुणाला घालू? मला भाऊ एकच आहे."